गोळा जाईल तिथनं रस्ता

एका जंगलात, म्हंजी आपल्या हिकडच्या न्हवं, पार आफ्रिकेच्या बुडाला असलेल्या एका जंगलात, लई मोठं शहर व्हतं. नाव जोहान्सबर्ग. जमतंय का म्हनायला? न्हाई ना. मग नुसतं शहर म्हना आन् गप ऐका.

हे शहर सोन्याच्या खानीवर वसलेलं. जमीन उकरून सोनं काढलं आन् माती बाजूला टाकली. त्या मातीच्या पिवळ्या टेकड्या झाल्या. सोनं कुठं गेलं ते मला इचारू नका. माती अजून तिथंच हाय.

शहरात जनावरं मुंग्यांवानी. सगळ्यांना कामाला जायची घाई. झेब्रे टॅक्सी चालवायचे. कडंला उभं ऱ्हाऊन एक बोट वर केलं की झेब्रा समजायचा, ह्याला शहरात जायचंय. बोट खाली केलं की जवळच उतरायचंय. चुकून दोन बोटं दाखवली तर कुठं नेऊन टाकंल त्याचा नेम न्हाई.

आन् एवढ्या सगळ्यांना रस्ता एकच. त्यो बी गुरवाटेवानी वाकडातिकडा. रोज सकाळी अशी दाटी व्हायची की जिराफाची मान तेवढी कामावर येळेत पोचायची, बाकीचा जिराफ मागनं यायचा.

एक दिवस खुद्द सिंह महाराज अडकले. दोन तास.

"माझ्या पुढं हे ढुंगन कुनाचं?" महाराजांनी इचारलं.

"हत्तीचं, महाराज."

"आन् त्याच्या पुढं?"

"दुसऱ्या हत्तीचं."

महाराजांनी तिथंच हुकूम सोडला. शहराच्या पोटातनं नवा महामार्ग काढा. सहा पदरी. जिथं खोलगट तिथं खांबांवरनं. त्यावर कुनी थांबायचं न्हाई, कुनी पायी चढायचं न्हाई, आन् त्याला एक सुदिक वळन नको. सूत धरल्यावानी सरळ.

काम आलं जिराफाकडं. त्यो सरकारी इंजनेर. त्यानं पट्टी घेतली, नकाशावर रेघ मारली. ज्याच्या अंगनातनं रेघ गेली तो दुपारच्याला हापिसात हजर. जिराफानं रेघ पुसली, दुसरी मारली. दुसरा हजर. असं पुसून पुसून नकाशाला भोक पडलं. त्या भोकातनंच रस्ता काढावा असं जिराफाच्या मनात आलं, पन भोक पडलं व्हतं नेमकं राजवाड्यावर.

शेवटी ठेकेदार तरसानं त्याला अक्कल दिली. ह्यो तरस कायम हसायचा. मयताला गेला तरी हसायचा.

"साहेब," तरस हसत म्हनला, "रेघ आपन मारायचीच कशाला? मारली की शिव्या आपल्याला. ह्या जंगलात सरळ कोन चालतं ते बघा आन् त्यालाच पुढं घाला."

"कोण चालतं सरळ?"

"शेनकिडा."

ए, नाकं मुरडू नका. तो शेन उचलतो म्हनून रान सवच्छ हाय. न्हाईतर गुडघाभर शेनात उभं ऱ्हाऊन गोष्ट ऐकावी लागली असती.

तर ह्या शेनकिड्यांची रीत अशी. हत्तीचं ताजं शेन पडलं की सगळी भावकी जमायची. जो तो आपल्यापुरता गोळा बांधायचा. मग गोळ्यावर चढायचं, एक गिरकी घ्यायची, सूर्य कुठं हाय ते बघायचं, घराची दिशा धरायची आन् निघायचं. डोकं खाली, मागचं पाय गोळ्यावर, उलटं चालत गोळा रेटायचा. मानसं नाकासमोर चालत्यात. शेनकिडा ढुंगनासमोर चालतो. आन् मधी काय बी आलं तरी वळायचं न्हाई. दगड आला, चढा. झाडाचं मूळ आलं, चढा. गोळा घरंगळला, उतरा, परत चढा.

ह्याला कारन हाय. शेनाच्या ढिगापाशी चोर लई. जो हिकडं तिकडं फिरत बसला त्याचा गोळा गेलाच. म्हनून भावकीनं नेम केला व्हता, जो वळला त्याचा गोळा कुनी बी न्यावा. नेनाऱ्याला चोर म्हनायचं न्हाई.

ह्या नेमाची राखन करायचे भावकीचे म्होरके सुबरावतात्या. पंख झिजलेलं, एक पाय मोडका, पन भाषन सुरू झालं की शेन वाळून जायचं तरी थांबायचे न्हाईत.

आन् ह्याच भावकीत व्हता रेटू. नखाएवढा जीव. रेटायला असा बळी की भाऊबंद म्हनायचे, ह्याला टेकडी द्या, टेकडी नेईल. भावकी ऱ्हायची खालच्या वाडीत. रेटूनं मातर बिऱ्हाड अलीकडं, एका पिवळ्या टेकडीच्या पायथ्याला केलं व्हतं. तिथली माती भुसभुशीत. बीळ खोल. बिळात बायको ठकू, आन् ठकूनं आपल्या हातानं केलेलं चार गोळे. दर गोळ्यात एक अंडं. पाऊस पडंपर्यंत त्या गोळ्यांना धक्का लागायला नको. हलवलं की आतला जीव गेला. रेटू बिळात शिरताना सुदिक पाय उचलून टाकायचा.

जिराफ रेटूकडं आला. चारी पाय फाकवून मान खाली घातली, तरी आवाज आभाळातनंच आल्यावानी वाटला.

"रेटूराव, या जंगलात आपल्याइतकं सरळ कोणीच चालत नाही."

आजवर रेटूला कुनी राव म्हनलं न्हवतं.

"तसं आमच्या भावकीत समदेच सरळ चालत्यात, साहेब."

"पण आपल्यासारखे?"

झालं. आजवर रेटू फकस्त शेनाच्या गोळ्यावर चढायचा. त्या दिवशी हरभऱ्याच्या झाडावर चढला.

घरी येऊन त्यानं ठकूला सांगितलं. ठकूनं सगळं ऐकून घेतलं.

"अवं धनी, गोळा घेऊन तुमी येता कुठं?"

"घरी. आनखी कुठं?"

"आन् तुमच्या मागनं काय येनार?"

"रस्ता."

"सहा पदरी?"

"सहा पदरी," रेटू छाती फुगवून म्हनला.

ठकूनं कपाळाला हात लावला. तिला सहा पाय. त्यातलं चार कपाळाला लावलं.

"म्हंजी तुमी रस्ता घरात घेऊन येताय."

"अगं, साहेब केवढा मोठा हाय. तीन कोसावरचं दिसतं त्याला."

"तीन कोसावरचं दिसतं. पायाखालचं दिसतं का, इचारलं का?"

रेटूनं इचारलं न्हवतं. "तुला सरकारी कामातलं काय कळतंय," असं म्हनून तो सरकारनं ठेवलेल्या आपल्या सत्काराला निघून गेला.

सत्काराला महाराज आले. शाल पांघरली. शाल हत्तीच्या मापाची, रेटू त्याखाली गडप झाला. तो बाहेर यायची वाट शोधतोय तवर वर चार भाषनं झाली. पन महाराजांचं बोलनं त्याला आत बी ऐकू आलं.

"गोळा जाईल तिथनं रस्ता," महाराज म्हनले. "हे राजाचं वचन हाय. कुनाची तक्रार चालनार न्हाई."

समद्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांची अंगनं व्हती त्यांनी बी वाजवल्या. ते का वाजवत्यात ते रेटूला तवा कळलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी हत्तीनं मोजून ताजं शेन टाकलं. रेटूनं गोळा बांधला, वर चढला, गिरकी घेतली, सूर्य बघितला, आन् निघाला. मागं जिराफ. जिराफाच्या मागं तरस, खुंट्या ठोकत. त्याच्या मागं भावकी, सुबरावतात्या सगळ्यात पुढं. त्याच्या मागं बघे.

आता एक ध्यानात घ्या. रेटू उलटा चालायचा. तोंड मागं. त्यामुळं आपन कुठं चाललोय ते त्याला दिसत न्हवतं, पन आपल्या मागं काय चाललंय ते पुरतं दिसत व्हतं.

पयली हिरवळ आली महाराजांच्या मेव्हन्याची. गवत असं कापलेलं की खायला जीव धजू नये. रेटू मधनं गेला. मागं बघतो तर तरस हसत हसत खुंट्या उपसतोय आन् हिरवळीच्या कडंनं ठोकतोय.

"साहेब," रेटू वरडला, "मी तर मधनं आलो. खुंट्या भाइरनं चालल्या."

"आपण चालत राहा," जिराफ म्हनला. "ही तांत्रिक अडचण आहे."

रेटूला वाटलं, आसंल. आपल्याला काय कळतंय.

मग पानघोड्याचा तलाव आला. रेटू पान्यातनं जायला निघाला व्हता, गोळा विरघळला तरी चालंल म्हनला. पानघोड्यानं नुसता एक डोळा उघडला. खुंट्या तलावाला वळसा घालून पार पल्याड गेल्या. मधल्या जागेत मेलेल्या म्हाताऱ्या मुंगसाचं घर व्हतं, तिथनं गेल्या. मेलेलं मुंगूस काय बोलनार. रेटूला मातर जिराफानं गोळ्यासकट काठानं उचलून पलीकडं आनून ठेवलं, अगदी त्याच्या रेघेवर.

त्याच्या म्होरं गिधाडाचं हॉटेल. तिथं थांबून समद्यांनी भजी खाल्ली, च्या घेतला. च्या पिऊन उठले तवा खुंट्या हॉटेलला वळसा घालून तयार.

तीन वळनं झाली. रेटूनं तिन्ही मोजली. त्यानं इचार केला, समद्यांसाठी वळतात तर माझ्यासाठी बी वळतील. मी तर रस्त्याचा मुख्य मानूस. ठकू उगाच घोर करती.

पिवळी टेकडी जवळ आली. मातीचा वास बदलला. गोळा आपल्या दाराला टेकला तसा रेटू थांबला.

दारात ठकू बसलेली. आडवी, सहाच्या सहा पाय पसरून.

"साहेब," रेटू म्हनला, "हितं जरा खुंट्या बाजूनं घ्या. इतभर घ्या. बस झालं."

जिराफानं मान खाली केली. "हे काय आहे?"

"माझं घर. आत चार अंडी हायती."

"शक्य नाही, रेटूराव. आधीच तीन वळणं झाली आहेत. चौथं घेतलं तर लोक म्हणतील, हा रस्ता सरळ नाही."

"पन मेव्हन्याच्या हिरवळीला घेतलंत. तलावाला घेतलंत. गिधाडाच्या भज्यांना घेतलंत."

"त्या तांत्रिक अडचणी होत्या. तुमची अडचण वैयक्तिक आहे."

तरस हसला. पन तो तसा बी हसतच व्हता.

"मग करू काय मी?" रेटू म्हनला.

"महाराजांचं वचन आहे. गोळा जाईल तिथून रस्ता. गोळा तुमच्या पायाशी आहे. तो कुठं न्यायचा ते आम्ही कोण सांगणार?"

सुबरावतात्या मोडका पाय ओढत पुढं आले.

"रेटू, बघ हां. तुझा बाप वळला न्हाई. तुझा आजा वळवाच्या पान्यात वाहून गेला, पन वळला न्हाई. वळलास तर गोळा बी गेला आन् भावकी बी गेली. तुला शेनाच्या ढिगाला कुनी उभं करनार न्हाई."

"तात्या, आत पोरं हायती."

"पोरं परत हुत्याल. नेम परत व्हत न्हाई."

ठकू दारातनं हलली न्हाई. "तात्या, तुमी कधी अंडं घातलंय का?" ती म्हनली. मग रेटूकडं बघितलं. "मी काय सांगत न्हाई. तुमच्या मागं रस्ता हाय. माझ्या मागं चार हायती. मी उठनार न्हाई. चढायचं तर माझ्यावरनं चढा. दगड समजा."

रेटूनं मान खाली घातली. त्याला समोर सगळ्या खुंट्या दिसत व्हत्या, लांब हत्तीच्या शेनापासनं. तीन जागी वाकलेल्या. त्यानं जलमभर कशापुढं पाय वाकडा टाकला न्हवता. दगडाला भ्याला न्हवता. मागचं दोन्ही पाय गोळ्यावर व्हतं. त्यातला उजवा त्यानं घट्ट केला, डावा सैल सोडला.

गोळा वळला.

इतभर. घराच्या कडंनं, दारच्या मातीला न शिवता, टेकडीच्या अंगाला. रेटू पलीकडं जाऊन थांबला आन् डोळं मिटून उभा ऱ्हायला.

"वळला," भावकी म्हनली. समदी एकदम.

सुबरावतात्यांनी येळ घालवला न्हाई. मोडका पाय हाय का चांगला हाय ते इसरून पळत आले आन् गोळ्यावर चढले. "नेमानं ह्यो गोळा आता माझा," तात्या म्हनले. "आन् समद्यांनी बघा, सरळ कसं जायचं असतं ते. ह्या वळलेल्याला दाखवतो."

तात्यांनी गिरकी घेतली. सूर्य बघितला. आपल्या घराची दिशा धरली आन् निघाले.

जिराफानं तरसाकडं बघितलं. तरसानं जिराफाकडं. वचन गोळ्याचं व्हतं. गोळा रेटतंय कोन ते त्यात कुठं व्हतं? तरसानं खुंट्या उचलल्या आन् तात्यांच्या मागं ठोकत निघाला.

भावकी ताल धरून चालली. "तात्या वळनार न्हाई, तात्या वळनार न्हाई." वाडी आली तरी कुनाच्या डोक्यात परकाश पडला न्हाई. वाडीत चाळीस बिळं, एकाला लागून एक, आन् मधोमध तात्यांचं.

दारात तात्यांची म्हातारी उभी. तिनं गोळा बघितला, गोळ्याच्या मागं जिराफ बघितला.

"अवं, वळा की," म्हातारी म्हनली.

तात्या थांबले. त्यांनी भावकीकडं बघितलं. भावकी त्यांच्याकडं बघत व्हती. घटकेपूर्वीच त्यांनी ज्याला भावकीतनं काढला, तो रेटू बी लांबनं टेकडीवरनं बघत व्हता. तात्यांच्या तोंडाला फेस आला. आख्ख्या जलमात त्यांना पयल्यांदा भाषन सुचंना.

तात्या वळले न्हाईत.

जीव कुनाचा गेला न्हाई, भिऊ नका. गाढवं माती वाहायला यायच्या आधी समदी बिळातनं भाइर पडली. मागं ऱ्हातील अशी अंडी बी न्हवती, तात्यांच्या भाषनापायी वाडीत कुनाला सवड कुठं व्हती. वाडी तेवढी गेली. चाळीस बिळांवर खांब उभं ऱ्हायले. खांबांवर रस्ता चढला.

वर्सानं महामार्ग उघडला. फीत महाराजांनी दातानं तोडली. रस्त्याला नाव दिलं, "सुबरावतात्या सरळ मार्ग". वळनं मोजून पाच.

उघडल्यावर अर्ध्या तासात हत्ती वर चढले, मागनं झेब्रे, मागनं म्हशी, आन् मधी महाराज. समदं जाम. फरक एवढाच की आधी महाराज जमिनीवर अडकायचे, आता उंचावर अडकले. तिथनं आख्खं शहर दिसतं, म्हंजी आपन कुठं पोचलो न्हाई ते सगळं एका नजरंत दिसतं.

आन् उभ्या उभ्या हत्ती काय करनार? शेन टाकनार. सहाच्या सहा पदरात ताज्या शेनाचं डोंगर. शेनकिड्यांची भावकी खाली उभी ऱ्हाऊन वर बघत व्हती. वर पाटी व्हती, "पायी चालणाऱ्यांस सक्त मनाई".

मग पुढं काय? पुढं वर्सभर रुसलेला पाऊस पडला. रेटूचे चार गोळे फुटले, त्यातनं चार पोरं भाइर आली, काळी, चकचकीत. ठकूनं एकेकाला पुसून उन्हाला ठेवलं. रेटू दारात बसून बघत व्हता. भावकीनं टाकलेला, गोळा गेलेला, पन घर शाबूत.

तेवढ्यात खाकरल्याचा आवाज आला. बघतो तर सुबरावतात्या. मागं म्हातारी. म्हातारीच्या मागं वाडीतली उरलेली समदी बिऱ्हाडं, आपआपली गाठोडी घेऊन.

"रेटू," तात्या म्हनले, "जरा सरक."

रेटू सरकला. काय करनार. आत आले, पसरले. चांगल्या कोपऱ्यात तात्यांनी पथारी टाकली. रेटूच्या पोरांना जवळ बोलावलं, एकाला मांडीवर घेतलं, आन् सांगायला सुरवात केली.

"पोरांनो, ध्यानात ठेवा. शेनकिडा कधी वळत न्हाई. एकजनच वळला व्हता. तुमचा बाप."

रेटू भाइर पावसात उभा व्हता, कारन आत त्याच्यापुरती जागा उरली न्हवती. ठकूनं दारातनं डोकं काढलं.

"धनी," ती म्हनली, "आता अजून एक बीळ करा. हिकडं न्हवं, टेकडीच्या पलीकडं. आन् ह्यांना सांगू नका."

तात्पर्य: जो वळतो त्याचं घर वाचतं. जो वळत न्हाई त्याचं नाव रस्त्याला लागतं, आन् तो ऱ्हायला वळलेल्याकडंच येतो. तवा पोरांनो, वळायचं तर खुशाल वळा, पन घराचं दार बारीक ठेवा.